साडेतीन मिलिमीटर

इनास तुस्कानो, वय एक्केचाळीस, मुक्काम गास, वसई.
मी फॉर्मवर 'खासगी नोकरी' लिहिलं
तर म्हणाला, नाही ताई, नीट लिहा. बोअरिंग.
मुंबईत पूल उठायचा असो नाहीतर टॉवर,
सगळ्यांच्या आधी मी जातो. भोक पाडायला.

दंडावर पट्टा बांधून घेताना त्याने सांगितलं:
माहीमला वर नुसता भराव. विटा, काचा, एकदा अख्खा बूट.
मग काळा चिखल, समुद्राचा,
बोटांचा वास दोन दिवस जात नाही.
मग पिवळा मुरूम.
मग दगड. तिथे मशीनचा आवाज बदलतो.
नमुना वर यायच्या आधी कळतं.

मी म्हटलं, आमचंही असंच.
फक्त सगळे थर मिळून साडेतीन मिलिमीटर.

परळ, चौथा मजला, सकाळचे अकरा.
झटके जिथून उठायचे तो तुकडा काढायचाच होता.
काढण्याआधी दहा मिनिटं तो ऐकायचा,
एवढीच त्याची सही घेतलेली.
शेजारी भाषेचा मुलूख, म्हणून इनास जागा.
सुई आत गेली. चोवीस टिंबांची,
शिवणाच्या सुईहूनही बारीक.

पडद्यावर चोवीस रेघा उमटल्या.
आणि चोवीसही रेघांवर एक सारखीच थरथर,
सेकंदाला नेमकी पन्नास.
ती इनासची नव्हती. ती भिंतीतल्या वायरींची,
कुठल्याशा सबस्टेशनची.
हे शहर कुठेही घुसतं.
मी ती गाळून टाकली.

मग दिसलं.
वरचे थर घाईत, सेकंदाला ऐंशी, शंभर,
तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसे.
खालचे सावकाश, दहा, पंधरा, वीस,
कुणीतरी पायाने झोपाळा रेटत बसलंय.
वरचे थर काय आलं ते सांगतात,
खालचे काय यायला हवं ते,
असं डॉक्टर शिरगोपीकर म्हणतात,
आणि लगेच, म्हणजे, अजून वाद आहे त्यावर.

मी चित्रं दाखवत गेले.
कुलूप. होडी. पंखा. छत्री.
इनास सांगत गेला, वरचा तवा चरचरत राहिला.
सतरावं चित्र: करवंटीचा डाव, लाकडी दांड्याचा.
वर लखकन हललं.
आणि खालून ती संथ लाट अशी फुगली
की मी खुर्चीत पुढे सरकले.
इनास गप्प.
चार सेकंद. पाच.
ओठ हलले, मिटले.
मी रकान्यात लिहिलं: चूक.

दुपारी तो तुकडा बरणीत गेला.
फॉर्मॅलिन, लेबल, लिफ्टने खाली.

आठव्या दिवशी टाके काढायला आला, डोक्यावर टोपी.
मी विचारलं, ते सतरावं चित्र आठवतंय?
हसला.
माहीत होतं की.
पण आमच्या घरचा शब्द आला तोंडात, गासचा.
तुम्ही सगळे मास्क लावून उभे,
म्हटलं, इथे शाळेतला शब्द पाहिजे.
तो शोधत होतो.

मग त्याने तो घरचा शब्द म्हटला.
इथे लिहीत नाही. माझ्या तोंडी तो नीट बसत नाही,
तीनदा म्हणून पाहिला, तिन्ही वेळा तो हसला.

रात्री कांजूरच्या खोलीत फाइल पुन्हा उघडली.
ती पाच सेकंदं.
वर चमकलेला तो शब्द असेल का,
आणि खालची लाट म्हणजे त्याला दाबून धरणारे आम्ही?
साडेतीन मिलिमीटरवरून एवढं म्हणता येत नाही.
एका माणसावरून तर नाहीच.
'चूक' मात्र मी खोडलं.
जागा रिकामी ठेवली.
जिथून ती रेघ आली ते आता कुठेच नाही,
आणि रेघ हलतेय.

परवा फोन आला, वडाळ्याहून.
झटका नाही, दोन महिने झाले.
मागे मशीनची घरघर.
थांबा ताई, ठेवू नका, म्हणाला,
आता लागेल.

मी फोन कानाला दाबून उभी राहिले.
घरघर. घरघर. घरघर.
मग खालून काहीतरी जड झालं.

कळलं? त्याने विचारलं.